तीन नंबरची स्टिक

भांडी घासून, चुलीजवळचं आवरून आता कुठे जरा टेकला असाल.

गेल्या वेळी आपण शेळीच्या विम्याबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून तुम्ही हसणार हे आम्हाला माहीत आहे. आज आपण गोल्फच्या स्टिकबद्दल बोलणार आहोत. हसून घ्या. आम्हीही हसलो होतो, आणि मग न विचारता सह्या केल्या. त्या सह्या आम्हाला साडेपाच हजारांना पडल्या. ते पैसे कुठे गेले ते सांगायचं म्हणून आज बसलोय.

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला गोल्फचं मैदान आहे. नाशिककडच्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे पण गोल्फ क्लब मैदान आहे. पण बायांनो, तिथे नावाला गोल्फ, खेळतात क्रिकेट. आमच्याकडे खरोखरचं आहे. आमच्या गटातल्या बारापैकी सात जणी तिथे गवताच्या कामाला जातात. तण खुरपायचं, चेंडू मारताना उखडलेल्या ढेकळाची जागा वाळूने भरायची, पानं गोळा करायची. ज्या गवतावर आम्ही वर्षानुवर्षं उकिडव्या बसलो, त्यावर उभी राहून माणसं नेमकं काय करतात हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

थोडक्यात सांगायचं तर लहानसा चेंडू दूरच्या बिळात घालायचा. बीळ कधी दीडशे वार लांब, कधी पाचशे. कमीत कमी फटक्यांत जो घालेल तो जिंकला. वार म्हणजे आपल्या नऊवारीतलाच वार. दीडशे वार म्हणजे सोळा-सतरा लुगडी एकापुढे एक अंथरली तर होईल तेवढं अंतर. अंतर बदललं की स्टिक बदलायची, म्हणून खेळणाऱ्याच्या पिशवीत पुष्कळ स्टिका असतात. आमच्याकडे त्याला कोणी क्लब म्हणत नाही. क्लब म्हणजे साहेब लोक चहा पितात ती इमारत. मारायची ती स्टिक.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी, वय 19, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. सकाळी सराव करायच्या जागेवर चेंडूंच्या टोपल्या भरून द्यायच्या आणि मारलेले चेंडू गोळा करून आणायचे, हे तिचं काम. मैदान सोमवारी सभासदांना बंद असतं. त्या दिवशी कामावरच्या पोरांना खेळू देतात. एका सभासद आजोबांनी तिला आपल्या जुन्या सहा स्टिका दिल्या आणि पोरगी खेळायला लागली. तिथल्या शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं की लहान मुलांच्या वर्गाला मदतनीस हवी आहे, महिन्याला 6,000 रुपये देऊ. पण अट एकच, नऊ बिळांचा खेळ 50 फटक्यांत पुरा करून दाखवायचा. मुलांना शिकवणारीला स्वतःला येत असलं पाहिजे, हे रास्तच आहे.

इथून आमची चूक सुरू झाली.

तिच्याजवळ जमिनीवरून लांब मारायची स्टिक नव्हती. मे महिन्यात ताई बैठकीत म्हणाल्या, "पोरीला एक स्टिक घ्यायची आहे, कर्ज पाहिजे." कोणती, कशासाठी, असं आम्ही विचारलं नाही. म्हशीचं कर्ज असतं तर आम्ही दात मोजले असते, कास चाचपली असती, मागच्या वेताचं दूध विचारलं असतं. इथे विचारायचं काय हेच ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही हे कबूल करायची लाज वाटली, खरं सांगतो. आमच्यातल्या दोघी तिघींबरोबर शहरातल्या दुकानात गेल्या. दुकानदाराने झळझळीत काळी स्टिक काढली. म्हणाला, तीन नंबरची वूड प्रत्येकाच्या पिशवीत असतेच, हिच्याशिवाय खेळ नाही. 16,000 रुपये. मुलीची उंची किती, ती मारते किती जोरात, एका शब्दाने विचारलं नाही. आम्हीही बोललो नाही. उलट त्याने पाचशे सोडले नाहीत म्हणून आम्हीच हुज्जत घातली.

वूड म्हणजे लाकूड, पण त्या स्टिकेत लाकडाचा ढलपासुद्धा नाही. हे कोडं सरांनी नंतर सोडवलं. पूर्वी या स्टिकेचं डोकं खरंच लाकडाचं असायचं, अमेरिकेतल्या पर्सिमन नावाच्या झाडाचं. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं. विदर्भातल्या मैत्रिणी ज्याची पानं विड्यांसाठी तोडतात त्या तेंदूचं भावंडच म्हणा. 1979 साली टेलरमेड नावाच्या अमेरिकी कंपनीने स्टीलच्या डोक्याची वूड आणली आणि हळूहळू लाकूड मागे पडलं. नाव तेवढं राहिलं. आपण नाही का, आत काहीही असलं तरी त्याला डालडाचा डबाच म्हणतो.

असो. मे महिन्यात स्टिक आली. पोरगी मारायची तेव्हा चेंडू सरपटत का होईना, लांब जायचा. जमीन कडक, गवत वाळलेलं. चेंडू उडी मारून धावायचा. आम्हाला वाटलं, पैसे वसूल.

मग पाऊस लागला. ओल्या गवतात चेंडू धावेना. पडेल तिथेच रुतेना का! तेव्हा दिसलं की तो हवेतून जातच नव्हता, नुसता घरंगळत होता. ऑगस्टमध्ये सरांनी पहिली परीक्षा घेतली तेव्हा तिला 57 फटके लागले. त्यातले किती त्या एका स्टिकेने खाल्ले ते तिने घरी सांगितलं नाही. स्टिक पलंगाखाली गेली. हप्ता मात्र चालू होता, महिन्याला 1,000 आणि वर व्याज. ताईंची गवताची मजुरी दिवसाला 350.

आम्हाला कळलं ते सप्टेंबरात, तेही ताईंचा हप्ता पहिल्यांदाच चुकला म्हणून. घरी गेलो तर पोरगी म्हणाली, "ताई, माझ्याच हातात जोर नाही. स्टिक चांगली आहे, मीच नालायक." आई मागून म्हणाली, "अगं, सोळा हजारांची वस्तू आहे, ती कशी वाईट असंल?"

मैत्रिणींनो, हे वाक्य आम्ही किती ठिकाणी ऐकलंय! फवारणीचा पंप पाठीला लावून खांदा सुजला तर बाई म्हणते, माझीच पाठ नाजूक. तो पट्टा कोणाच्या खांद्याच्या मापाने शिवला हे कोणी बघत नाही. आम्ही त्या स्टिकेला घेऊन थेट सरांकडे गेलो. गटाचा पैसा होता, त्यामुळे भीड नव्हती.

सरांनी आधी आम्हालाच एक फळी दाखवली. भिंतीला जवळजवळ उभी टेकवली आणि चेंडू आपटला, तो समोर गेला. फळी जास्त तिरकी केली, चेंडू वर उडाला. स्टिकेचं तोंड म्हणजे तीच फळी. तीन नंबरच्या वूडचं तोंड साधारण 15 अंश मागे कललेलं असतं. पाच नंबरचं 18-19, सात नंबरचं 21-22. नंबर वाढला की कल वाढतो, दांडी आखूड होते, चेंडू जास्त उंच पण थोडा जवळ पडतो. चेंडू वर जायला दोन गोष्टी लागतात, तोंडाचा कल आणि फिरवण्याचा वेग. कल कमी असला तर वेग जास्त पाहिजे. ज्यांचा वेग मोठा, त्यांना 15 अंश पुरतात. ज्यांचा वेग मध्यम, त्यांचा चेंडू जमिनीवरून वर येतच नाही. खुंटीवर ठेवलेला चेंडू याच स्टिकेने नीट जातो, कारण तो आधीच उचलून ठेवलेला असतो. जमिनीवर पडलेला मारायचा म्हटलं की गाडी अडते.

आणि इथेच पोरीचं सगळं बिघडलं होतं. चेंडू वर जात नाही असं दिसलं की माणूस तो स्वतःच उचलायला जातो. खांदा मागे टाकतो, अंगाचा भार मागच्या पायावर. मग स्टिक एकतर चेंडूच्या आधी जमिनीत घुसते, नाहीतर वर येता येता चेंडूच्या टाळक्याला घासून जाते. पहिल्यात ढेकूळ लांब जातं आणि चेंडू तिथेच, दुसऱ्यात चेंडू सापासारखा सरपटतो. सर म्हणाले, हिचं मारणं मुळात वाईट नाही, या स्टिकेने तिला वाईट सवय लावली. आता दुसऱ्या स्टिकांनी मारतानाही ती मागे झुकते.

मग त्यांनी दांडीवरचं अक्षर दाखवलं. बायकांसाठीच्या लवचीक दांडीवर इंग्रजी एल असतो, मधलीवर आर, ताठ दांडीवर एस. आमच्या सोळा हजारांच्या स्टिकेवर एस होता. अंगापिंडाने भरलेल्या जोरकस गड्यासाठी बनवलेली स्टिक आम्ही पंचेचाळीस किलोच्या पोरीच्या हातात दिली होती. म्हणजे दोष एकट्या नंबरचाही नव्हता. दोन्ही बाजूंनी चुकलं होतं.

आमच्यातल्या एक मामी म्हणाल्या, "मग दांडी कापून आखूड करा की. आपण खुरप्याची मूठ बदलतो तशी." चांगलं सुचवलं होतं. पण सर म्हणाले, वरून कापली की दांडी आणखी ताठ वागते आणि डोक्याचं वजन हाताला लागेनासं होतं. त्यापेक्षा मूठ इंचभर खाली धरून मारून बघा, फुकटात होतं. तिने बघितलं. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

पुढचं आम्ही आमच्या डोक्याने केलं, आणि ते तेवढं सांगण्यासारखं आहे. सरांनी एका सभासद बाईंकडून त्यांच्या पाच आणि सात नंबरच्या वूड आणि एक चार नंबरची हायब्रीड सोमवारपुरती मागून आणली. हायब्रीड म्हटल्यावर आमच्यात हशा पिकला. एक आक्का म्हणाल्या, "हायब्रीडची भाकरी गोड लागत नाही, स्टिक कशी लागंल?" तर ही हायब्रीड म्हणजे वूड आणि लोखंडी आयर्न यांच्या मधली. डोकं वूडसारखं फुगीर पण लहान, दांडी आयर्नसारखी आखूड. तीन आणि चार नंबरच्या लांब आयर्न मारायला फार अवघड, म्हणून त्यांच्या जागी ही आली.

विहिरीचा दोर नेला, दहा-दहा वारांवर गाठी मारल्या आणि सरळ रेषेत खुंट्या ठोकल्या. आम्हा बायांना चेंडू कुठे पडतो ते बघायचं काम. ओल्या जमिनीत पडल्या जागी खळगा होतो, त्यामुळे फसवाफसवी नाही. धावलेलं अंतर धरायचं नाही, हवेतून गेलेलंच धरायचं. प्रत्येक स्टिकेने दहा चेंडू. एकही गाळायचा नाही. पोरगी पहिल्यांदा म्हणाली, "हा धरू नका, हात घसरला." आक्का तिथूनच ओरडल्या, "म्हैस एक दिवस लाथ मारते तो दिवस डेअरीवाला सोडतो व्हय गं?"

वही आमच्यासमोर आहे, वाचून दाखवतो. तीन नंबरच्या वूडने सगळ्यात लांब गेलेला चेंडू 148 वार. दुसरा 145. बाकी आठांतले सहा 60 ते 92 च्या मध्ये, आणि दोन तर पंचवीस वारसुद्धा ओलांडून गेले नाहीत. दहांची सरासरी 80. सात नंबरने सगळ्यात लांब 136, म्हणजे तीन नंबरपेक्षा 12 वार कमीच. पण दहांपैकी आठ चेंडू 120 च्या पुढे पडले, एकच फसला. सरासरी 122. पाच नंबरची दोघींच्या मध्ये राहिली. हायब्रीडची सरासरी 112 आली, पण तीन चेंडू डावीकडे वळून बाभळीत गेले. सर म्हणाले, हायब्रीड लांब गवतातून चेंडू काढायला वूडपेक्षा बरी, पण पुष्कळांचा चेंडू तिच्याने डावीकडे ओढला जातो. सात नंबरची वूड चेंडू उंच नेते आणि मऊ टेकवते, मात्र समोरून वारा असला की अंतर खाते. गुण सगळ्यांत आहेत. आपल्या हाताला कोणता गुण लागतो ते दहा चेंडू मारल्याशिवाय कळत नाही.

पोरगी मात्र त्या 148 वरच अडकली होती. "एवढा गेलाय ना, म्हणजे जमेल मला." तिला समजावणं आकड्यांपेक्षा अवघड गेलं. दहांत दोनदा जमणाऱ्या गोष्टीवर घर चालवता येत नाही हे तिच्या आईला एका दमात पटलं, पण एकोणीस वर्षांच्या पोरीला ते पटायला दोन आठवडे लागले. सात नंबरची स्टिक म्हणजे म्हाताऱ्यांची, असं तिला कामावरची पोरं चिडवायची. मग सरांनी तिला तीन माणसांबद्दल सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो.

डस्टिन जॉन्सन हा अमेरिकेतला अतिशय लांब मारणारा खेळाडू. 2020 मध्ये त्याने मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या पिशवीत सात नंबरची वूड होती. त्याला कोणी म्हातारा म्हटलं नाही. दुसरा कोरियाचा यांग योंग-उन. जेजू बेटावरच्या शेतकऱ्याचा मुलगा. तो 19 व्या वर्षी सरावाच्या मैदानावर चेंडू गोळा करायच्या कामाला लागला आणि तिथेच खेळ शिकला. हे ऐकताना पोरीने मान वर केली, तेच वय आणि तेच काम. या यांगने 2009 मध्ये अमेरिकेत पीजीए चॅम्पियनशिपच्या शेवटच्या दिवशी टायगर वुड्सला हरवलं, आणि शेवटच्या बिळाला दोनशे वारांवरून मारलेला त्याचा गाजलेला फटका हायब्रीडचा होता. तिसरी आपली बंगळुरूची अदिती अशोक. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ती चौथी आली, एका फटक्याने पदक हुकलं. ती फार लांब मारणाऱ्यांतली नाही. बाकीच्या जणी आखूड आयर्नने मारतात तिथून तिला बऱ्याचदा हायब्रीड किंवा वूड काढावी लागते. ती त्या इतक्या नेमक्या मारते की लांब मारणाऱ्या मागे पडल्या. आणि टोकियोत तिची पिशवी खांद्यावर घेऊन चालत होती तिची आई. हे ऐकून आमच्या ताई काही बोलल्या नाहीत, पदराने नाक पुसलं तेवढंच.

नियमही विचारून घेतला. पिशवीत जास्तीत जास्त 14 स्टिका चालतात. जास्त झाल्या तर दंडाचे फटके बसतात. कमी किती असाव्यात याला बंधन नाही. म्हणजे तीन नंबरची नसली तर खेळ नाही, हे दुकानदाराचं म्हणणं धादांत खोटं. सात स्टिका घेऊनही बिनदिक्कत खेळता येतं.

आता पैशाचं. ही बाजू गोड नाही. सोळा हजारांची स्टिक चार महिन्यांत साडेदहा हजारांना गेली. एका उंचपुऱ्या सभासदाने घेतली, आणि त्याच्या हातात ती सुंदर चालते, आम्ही बघितलंय. वापरलेली सात नंबरची, एल दांडीची वूड 6,000 ला मिळाली. उरलेले साडेचार हजार कर्जात भरले. पण साडेपाच हजारांचा खड्डा राहिलाच.

तो कोणी भरायचा यावर बैठकीत जे झालं ते आम्ही लपवणार नाही. आमचं म्हणणं पडलं की चूक एकट्या ताईंची नाही, गटाने न बघता सह्या केल्या, तेव्हा गटाने या कर्जाचं व्याज सोडावं. यावर एक वहिनी उठून म्हणाल्या, "उद्या माझी म्हैस भाकड निघाली तर माझंही व्याज सोडाल का?" खोलीत सगळ्या गप्प. प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही सांगितलं, म्हैस घेताना तुम्ही बघून घेता, गट तुम्हाला अमकीच म्हैस घ्या म्हणत नाही. इथे दुकानात आमच्यातल्या दोघी उभ्या होत्या आणि "घे गं, चांगली दिसते" असं त्याच म्हणाल्या होत्या. शेवटी नऊ विरुद्ध तीन मतांनी व्याज सोडायचं ठरलं, मुद्दल ताईंनीच फेडायचं. त्या तिघींची नाराजी अजून आहे. वहिनी पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत, तिसरीला आल्या. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या बोलण्यामुळेच आता कर्जाच्या अर्जावर एक ओळ वाढवली आहे, वस्तू वापरून पाहिली का, कोणी पाहिली, किती वेळा.

मुलीचं काय झालं ते विचाराल. मागे झुकायची सवय जायला दोन महिने गेले. सरांनी तिला चेंडूच्या एक वीत पुढे गवताची काडी टोचून दिली आणि सांगितलं, चेंडू विसर, ती काडी झाडून काढ. कुंच्याने अंगण झाडतो तसं, खणायचं नाही, उचलायचंही नाही. ती घरी अंगणात कुंचा घेऊन हेच करायची, आजी म्हणायची पोरीला कामाची गोडी लागली.

डिसेंबरात परीक्षा झाली. आम्ही सात जणी त्या दिवशी गवतातच होतो, खुरपी हातात आणि डोळे तिकडे. पाचव्या बिळाला मध्ये ओढा आहे. पलीकडे जायला हवेतून 130 वार लागतात. ऑगस्टात तिने तिथे दोन चेंडू पाण्यात घालवले होते. या वेळी तिने सात नंबरची पिशवीतून काढली, ओढ्याकडे बघितलं, आणि परत ठेवली. सहा नंबरची आयर्न घेऊन चेंडू ओढ्याच्या अलीकडे नेऊन ठेवला आणि मग आखूड स्टिकेने पलीकडे टाकला. एक फटका जास्त गेला. आक्का खुरपं आपटून म्हणाल्या, "भित्री!" आम्हाला तसं वाटलं नाही. तिची सात नंबरची सरासरी 122 आहे, आणि ती तिला पाठ आहे.

सातव्या बिळाला मात्र तीच सात नंबरची फसली, चेंडू वीस वार सरपटला. स्टिक बदलली म्हणजे जादू झाली असं समजू नका. आठव्याला तिने तिनेच चेंडू थेट हिरवळीवर टेकवला, तेव्हा आमच्या मुकादमाने पण टाळी वाजवली. नऊ बिळं झाली, सरांनी कागद दोनदा मोजला. 50. बरोबर 50.

जानेवारीपासून ती मुलांच्या वर्गाला जाते. पहिल्या पगारातून तिने आईचे दोन हप्ते एकदम भरले. आता तिची अडचण वेगळी आहे. सात नंबरची वूड आणि सहा नंबरची आयर्न यांच्या मध्ये मोठी फट पडते, साधारण पंचवीस वारांची. तिथे नऊ नंबरची वूड घ्यावी की पाच नंबरची हायब्रीड, हे ठरायचं आहे. सरांनी दोन्ही मागून आणायचं कबूल केलंय. येत्या सोमवारी सकाळी सात वाजता आम्ही दोर घेऊन मैदानावर जाणार आहोत. वहिनी पण येते म्हणाल्यात, वही त्याच लिहिणार.

पुढच्या गुरुवारी याच वेळेला भेटू. नमस्कार.